तटस्थ काच कुणाच्या बाजूची?

काळ्या काचेशी आपल्या पिढीची पहिली ओळख ग्रहणाने करून दिली. १६ फेब्रुवारी १९८० चे सूर्यग्रहण असो की २४ ऑक्टोबर १९९५ चे, त्या दिवशी घराघरांतून काजळी धरलेल्या काचा आणि एक्स-रेच्या जुन्या फिल्म्स बाहेर निघाल्या होत्या. दोन्ही उपाय डोळ्यांना घातक, हे आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे. पण काळी काच म्हणजे दिपवणारा प्रकाश अडवण्याची वस्तू, हा समज मनात पक्का बसला तो तेव्हापासून. छायाचित्रकाराच्या पिशवीतही एक काळी काच असते. तीही प्रकाशच अडवते, पण तिचा खरा हेतू वेगळा असतो. प्रकाश थेंबाथेंबाने आत सोडून कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवायचा आणि त्या वेळात जे जे हलेल ते सारे एकमेकांत मिसळू द्यायचे, यासाठी ती वापरतात. धबधबा दुधाच्या धारेसारखा दिसतो, खवळलेला समुद्र धुक्यासारखा पसरतो, ती किमया या काचेची.

इंग्रजीत तिला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर म्हणतात. बोलताना नुसते एनडी. मराठीत तिला तटस्थ काच म्हणता येईल. लाल, हिरवा, निळा या साऱ्या रंगांना ती सारख्याच प्रमाणात अडवते, कुणाची बाजू घेत नाही, म्हणून तटस्थ. आपल्या भाषेतला हा शब्दही मोठा गमतीचा आहे. तट म्हणजे काठ. प्रवाहात न उतरता जो काठावर उभा राहतो तो तटस्थ. गेली दीड वर्षे मी खडकीत मुळेच्या काठी ही काच घेऊन शब्दशः तटस्थ उभी राहते आहे. आणि तेवढ्या अनुभवावर माझे असे मत झाले आहे की, ही काच रंगांच्या बाबतीत तटस्थ असेलही, पण माणसांच्या आणि नदीच्या बाबतीत ती मुळीच तटस्थ नाही.

मी कुणी जाणकार छायाचित्रकार नव्हे. सारी नोकरी एका राष्ट्रीयीकृत बँकेत झाली, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. निवृत्तीनंतर भाच्याने त्याचा जुना कॅमेरा आणि तिपाई माझ्या गळ्यात टाकली. “मावशी, तू नाहीतरी नदीवर फिरायला जातेस, हे घेऊन जा,” म्हणाला. पुढे त्याने तीन काचाही दिल्या आणि कोणती बरी ते पाहून सांग असे काम लावून दिले. बँकेतल्या माणसाला तुलनेचे काम सांगितले की तो आधी वही आखतो. मीही आखली.

पहिली अडचण आकड्यांची. एका काचेवर ८ लिहिलेले, दुसरीवर ६४, तिसरीवर १०००. दुकानदाराच्या यादीत त्याच काचांना ०.९, १.८ आणि ३.० म्हटलेले. आणि छायाचित्रकार मंडळी बोलताना म्हणणार तीन स्टॉप, सहा स्टॉप, दहा स्टॉप. तिन्ही भाषा एकाच गोष्टीच्या आहेत. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. तीन स्टॉप म्हणजे निम्म्याचा निम्म्याचा निम्मा, अर्थात आठवा हिस्सा. सहा स्टॉप म्हणजे चौसष्टावा हिस्सा आणि दहा स्टॉप म्हणजे १०२४ वा, व्यवहारात हजारावा. ०.९ किंवा ३.० हे आकडे शाळेतल्या लॉग टेबलातले. दर स्टॉपला ०.३ धरायचे. त्यामुळे ३.० लिहिलेली काच तीन स्टॉपची समजून घरी आणली, तर निघते दहा स्टॉपची, आणि डोळ्याला लावली तर पलीकडचे जवळपास काही दिसत नाही.

दुपटीचे हे गणित मला नवे नव्हते. चक्रवाढीने सव्वासात टक्क्यांच्या आसपास व्याज मिळाले तर रक्कम साधारण दहा वर्षांत दुप्पट होते. म्हणजे आज ठेवलेल्या हजार रुपयांचे शंभर वर्षांनी, दहा दुपटींनंतर, दहा लाखांवर होतील. पहिल्या तीन दुपटी कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, शेवटच्या तीन डोळे पांढरे करतात. काचेचेही तसेच. सकाळच्या कोवळ्या उजेडात काचेशिवाय एक तीसांश सेकंदात जे चित्र मिळते, त्याला तीन स्टॉपच्या काचेतून पाव सेकंद लागतो, सहाच्या काचेतून दोन सेकंद, आणि दहाच्या काचेतून चौतीस सेकंद. बाजारात पंधरा स्टॉपचीही काच मिळते; तिला याच चित्रासाठी अठरा मिनिटे लागतील.

आता गुणदोष. या काचांची पहिली परीक्षा पांढऱ्या रंगावर घ्यावी. पांढऱ्या भिंतीचे एक चित्र काचेशिवाय आणि एक काचेसह घेतले की तटस्थपणाचा दावा लगेच तपासता येतो. स्वस्त काचांतून पांढरी भिंत तपकिरी किंवा तांबूस उतरते. दृश्य प्रकाश अडला, तरी डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण काचेतून निसटतात, आणि कॅमेऱ्यातील संवेदकाला ते थोडेफार जाणवतात. काच जितकी गडद आणि वेळ जितका मोठा, तितका हा दोष ठळक. महाग काचांवर धातूचे अतिसूक्ष्म थर देऊन हे किरणही अडवलेले असतात. दुसरी परीक्षा छाप्याची. काचेवर दहा स्टॉप लिहिले म्हणून ती बरोबर दहाचीच असेल असे नाही. अर्धा स्टॉप इकडेतिकडे सहज निघतो. आपल्या काचेचा खरा आकडा एकदा ताडून वहीत टिपून ठेवावा, हे उत्तम.

फिरवून कमीजास्त गडद करता येणारी काचही मिळते. एका काचेत सगळे भागते म्हणून ती मोहात पाडते. प्रत्यक्षात त्या एकमेकींसमोर बसवलेल्या दोन ध्रुवक काचा असतात. रुंद दृश्य घेणाऱ्या भिंगावर ती पुरती गडद केली की आकाशात फुलीच्या आकाराची काळी सावली उमटते. चलचित्रे घेणाऱ्यांना तिचा चांगला उपयोग होतो, पण लांब वेळेच्या स्थिरचित्राला ठरावीक गडदपणाची काच बरी. एकावर एक काचा चढवल्या तर चित्राचे कोपरे काळवंडतात. दहा स्टॉपच्या काचेतून काही दिसत नसल्याने जुळवाजुळव आणि फोकस आधी करायचा, मग काच हलक्या हाताने बसवायची. आणि एक ताकीद: कितीही काळी दिसली तरी या काचेतून सूर्याकडे पाहू नये. सूर्यासाठी वेगळे, याहून सुमारे शंभरपट गडद, खास बनवलेले फिल्टर असतात.

इथवरचे सारे कोणत्याही माहितीपुस्तकात सापडेल. माझ्या वहीतला पुढचा रकाना मात्र पुस्तकात नाही. त्या रकान्याचे शीर्षक मी दिले होते, ‘काय पुसले गेले?’

खडकीत कॅमेरा काढायचा तर आधी पाटी वाचावी लागते. १८६९ सालचा दारूगोळा कारखाना, बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, लष्करी हद्दी. ‘छायाचित्रणास सक्त मनाई’ हे शब्द इथल्या मुलांना बाराखडीबरोबरच वाचता येतात. पाट्या चुकवून उरतो तो नदीचा काठ आणि लांबवर दिसणाऱ्या जुन्या होळकर पुलाच्या दगडी कमानी. दापोडीजवळ पवनेला पोटात घेऊन मुळा इथे येते आणि पुढे संगमावर मुठेला भेटते. येताना ती काय काय घेऊन येते, ते इथल्या रहिवाशांना नाकाने कळते. हिवाळा सरता सरता जलपर्णीचा हिरवा गालिचा, त्यात अडकलेल्या पिशव्या, बाटल्या, निर्माल्य, आणि पाणी जिथे खळखळते तिथे साबणासारखा फेस.

या नदीची मी एकाच जागेवरून चार चित्रे घेतली. पहिले काचेशिवाय. त्यात फेसाचे गोळे मोजता येतात, पाण्याचा काळपट रंग दिसतो, काठाने पोते घेऊन चाललेला माणूस दिसतो. दुसरे तीन स्टॉपच्या काचेतून. पाण्यावर रेषा उमटल्या आहेत, ते वाहते आहे हे जाणवते. फेसाचे पट्टे झाले आहेत, पण तो फेस आहे हे कळते. माणूस फिसकटला आहे, तरी माणूसच आहे. तिसरे सहा स्टॉपच्या काचेतून. फेसाच्या लांब, सुबक रेघा झाल्या, माणसाचा एक राखी फराटा झाला. चौथे दहा स्टॉपच्या काचेतून, चौतीस सेकंदांचे. पाणी दुधासारखे गुळगुळीत, त्यावर धुके उतरल्यासारखा पांढुरका थर, कमानींची प्रतिबिंबे मऊ. काठावर कुणी नाही. हे चौथे चित्र मी शेजाऱ्यांना दाखवले तेव्हा एक बाई म्हणाल्या, “किती सुंदर! हे परदेशातलं का?” त्या गेली तीस वर्षे खडकीत राहतात.

तो धुक्यासारखा थर म्हणजे फेस होता.

या काचेने सगळाच कचरा लपवला असता तर एक वेळ गोष्ट सोपी होती. पुलाच्या खांबाला अडकून बसलेली जलपर्णी चौथ्या चित्रातही स्वच्छ दिसते, उलट हिरवळीसारखी शोभून दिसते. थांबलेले टिकते, वाहणारे पुसले जाते, असा या काचेचा न्याय आहे. नदीचे सारे दुखणे तर वाहणाऱ्यातच असते. गेली काही वर्षे आळंदीत इंद्रायणीवर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसाची छायाचित्रे वृत्तपत्रांत पुन्हा पुन्हा आली. ती पाहून लोक हळहळले, कारण वार्ताहरांनी ती क्षणभरात टिपली होती. तोच फेस अर्धा मिनिट उघड्या डोळ्याने टिपला असता तर भोवऱ्यांची मोठी मनोहर चक्रे उमटली असती आणि आपण त्यांची चौकट करून दिवाणखान्यात लावली असती.

पोते घेऊन चाललेला माणूस बाटल्या वेचणारा होता. तो बऱ्याचदा दिसतो. एकदा माझे काम संपल्यावर तो जवळ आला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून बघू लागला. पूल दिसला, झाडे दिसली. “काकू, मी समोरच होतो की. मी कुठंय?” त्याला स्टॉप आणि सेकंद समजावत बसण्यात अर्थ नव्हता. तो चालत होता, वाकत होता, काम करत होता, म्हणून चित्रात नव्हता. तेवढा वेळ हातावर हात ठेवून बसला असता तर उमटला असता.

छायाचित्रणाच्या जन्मापासून हे असेच चालत आले आहे. १८३८ साली लुई दागेरने पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या हमरस्त्याचे चित्र घेतले. तेव्हाच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटे लागत. त्या वेळात रस्त्यावरून गेलेल्या गाड्या, घोडे, माणसे सगळी विरून गेली आणि भर दिवसा रस्ता ओसाड दिसला. उरला तो एक माणूस. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी तो पाय टेकवून स्थिर उभा होता. छायाचित्रात टिकलेला तो जगातला पहिला माणूस मानतात. त्याचे बूट घासणारा मात्र अस्पष्टच राहिला, कारण त्याचे अंग हलत होते. दागेरकडे दुसरा इलाज नव्हता. आपल्याकडे हजारांश सेकंदात चित्र टिपणारी यंत्रे असताना आपण पैसे मोजून काळी काच विकत घेतो आणि तोच ओसाडपणा हौसेने परत आणतो.

यावर भाचा जे म्हणाला ते इथे सांगायला हवे, कारण त्याचे म्हणणे बिनतोड आहे. “मावशी, हजारांश सेकंदात थिजलेला पाण्याचा थेंब तरी डोळ्यांना कधी दिसतो का? तेही खोटंच. चित्र म्हणजे पंचनामा नव्हे. आणि तू काय करतेस? ‘दहा वर्षे निघून गेली’ असं एका ओळीत लिहून मोकळी होतेस. त्या दहा वर्षांतली माणसं कुठे जातात?” खरे आहे. ती ओळ म्हणजे लेखकाची दहा स्टॉपची काचच. कोकणातल्या कातळावर फुटणारी लाट किंवा पावसाळ्यातला ठोसेघरचा धबधबा चार-दोन सेकंद उघड्या भिंगाने टिपला तर कुणाचे काही बिघडत नाही. त्यातून काळाचे जे रूप दिसते ते दुसऱ्या कशाने दिसणार नाही. या काचेवर बंदी घाला असे मी म्हणत नाही. मीही ती वापरते.

माझा आक्षेप चित्र कुठे टांगले जाते याला आहे. कादंबरीच्या मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असे छापलेले असते. नदीच्या चित्रावर काहीच छापलेले नसते. तेच चित्र दिनदर्शिकेवर जाते, योजनेच्या फलकावर जाते, नदीकाठच्या सदनिकांच्या जाहिरातीत जाते. बँकेत गृहकर्जाच्या फायलींना गुळगुळीत कागदाची माहितीपत्रके जोडून येत. ‘नदीचे विहंगम दृश्य’ या शब्दांखाली दुधाळ पाणी. ते बघून आम्ही कर्ज मंजूर करत नसू. जागेवर जाऊन पाहणी करावी लागे. पण आयुष्याची पुंजी घालणारे जोडपे अनेकदा रविवारच्या दुपारी, उन्हाळ्याआधी, एकदाच जागा पाहून येई, आणि रात्री घरी बसून बघत असे ते माहितीपत्रक.

शिवाय हा काळ पुण्याच्या नद्यांसाठी निर्णयाचा आहे. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या साहाय्याने सुमारे ९९० कोटी रुपयांच्या योजनेचा करार २०१६ साली झाला. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभीकरणाचे भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झाले. काठ आधी की पाणी आधी, यावर शहरात कडाक्याचे वाद आहेत. अशा वेळी नदी कशी आहे याचे नागरिकांच्या मनातले चित्र कशावरून तयार होते, याला महत्त्व येते. ज्याच्या डोळ्यांसमोर दुधाळ मुळा आहे, तो काठाला कठडा आणि दिवे मागेल. ज्याने फेसाचे गोळे पाहिले आहेत, तो आधी नाल्याचे तोंड कुठे आहे ते विचारील.

मग करायचे काय? बँकेत एक साधा नियम होता. व्हाउचरशिवाय नोंद नाही. खतावणीत कितीही मोठी रक्कम लिहा, तिच्या मागे कागद हवा. छायाचित्रांना तोच नियम लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे. नदीचे, रस्त्याचे, बाजाराचे, म्हणजे जिथे माणसे राहतात आणि राबतात अशा जागेचे लांब वेळेचे चित्र प्रदर्शनात, दिनदर्शिकेत किंवा फलकावर लावताना खाली वेळ लिहावी: ‘चौतीस सेकंद’. आणि शक्य तिथे त्याच जागेचे, काच काढून घेतलेले एक छोटे चित्र शेजारी लावावे. याने मोठ्या चित्राचे सौंदर्य कमी होत नाही. उलट बघणारा दोन्हींत डोळे घालून बघतो, आणि मधल्या अर्ध्या मिनिटात काय काय वाहून गेले ते त्याचे त्याला कळते.

आता तर काचेशिवायही हे साधते. तिपाई न हलवता लागोपाठ शंभर-दीडशे साधी चित्रे घ्यायची आणि संगणकावर त्यांची सरासरी काढायची. पाणी तसेच मऊ होते. काही मोबाइलमध्येही अशा जोडणीची सोय आहे. या पद्धतीत मला आवडते ते असे, की मूळची शंभर-दीडशे चित्रे शिल्लक राहतात. प्रत्येकात फेसाचा गोळा आपापल्या जागी असतो, पोतेवाला प्रत्येकात एकेक पाऊल पुढे गेलेला असतो. सगळी व्हाउचरे फायलीला लावलेली!

तीन काचांपैकी कोणती बरी, हा भाच्याचा प्रश्न राहिलाच. त्याला मी लेखी उत्तर दिले आहे. समुद्रावर आणि घाटात जाशील तेव्हा दहाची काच खुशाल ने. मुळेच्या काठी येशील तेव्हा तीनची पुरे. पाणी वाहते आहे हे तिच्यातून दिसते, त्यात काय वाहते आहे हेही दिसते, आणि काठावरचा माणूस फिसकटला तरी मोजता येतो.

आणि वाचकांसाठी एवढेच. डिसेंबर आला की घरोघरी नव्या वर्षाच्या दिनदर्शिका येऊ लागतात. एखाद्या महिन्याच्या पानावर आपल्याच गावची नदी दुधासारखी दिसली, तर खाली किती सेकंद लिहिलेत ते बघा. लिहिले नसतील तर छापणाऱ्याला एक पत्र टाकून विचारा. मग घरातल्या मुलांना घेऊन त्या जागी जा. जाताना काळी काच नको, आणि नाकाला रुमालही लावू नका.